रिस्टोअर केलेली प्रत, पण कशावरून?

3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. चित्रपट चार रिळांचा होता. त्यातली पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळं आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. फाळक्यांनी 1917 मध्ये हीच कथा 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' या नावाने पुन्हा चित्रित केली होती, आणि उरलेली रिळं मूळ चित्रपटाची नसून या दुसऱ्या चित्रपटाची असावीत, असं काही अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे शाळेच्या पुस्तकात ज्याचं नाव पहिला भारतीय चित्रपट म्हणून वाचलं, तो फोनवर लावल्यावर समोर दिसतं ते नेमकं कोणत्या वर्षी कॅमेऱ्यासमोर घडलं, इथपासूनच मतभेद आहेत.

जगातल्या बहुतेक सगळ्या जुन्या चित्रपटांची थोड्याफार फरकाने हीच अवस्था आहे. एकाच नावाच्या चार-पाच प्रती बाजारात असतात. एकीवर 'रिस्टोअर्ड' लिहिलेलं, दुसरीवर 'डिजिटली रिमास्टर्ड', तिसरीवर मोठ्या अक्षरांत 'फोर के', म्हणजे आडव्या ओळीत सुमारे चार हजार ठिपके. या शिक्क्यांची सर्वांना बांधून ठेवणारी व्याख्या कुठेही नाही, त्यामुळे कोण काय छापेल याला धरबंध नाही. जुना चित्रपट घरी बघायचा तर डिस्क डीव्हीडी आहे की ब्लू-रे, हे नंतर बघावं. ही प्रत कोणत्या फिल्मवरून तयार केली, हे आधी शोधावं. बाकीचं सगळं त्यावर ठरतं.

कॅमेऱ्यात जी फिल्म फिरते ती मूळ निगेटिव्ह. चित्र सर्वांत स्वच्छ, सर्वांत बारकाव्यांसकट असतं ते तिच्यात. तिच्यावरून थिएटरसाठी पॉझिटिव्ह प्रिंट काढायची. पण निगेटिव्ह फार वापरली की झिजते, म्हणून तिच्यावरून एक उत्तम पॉझिटिव्ह काढून त्यावरून दुसरी निगेटिव्ह बनवतात आणि प्रिंट त्या दुसऱ्या निगेटिव्हवरून निघतात. पुढे कुणी प्रिंटवरूनच आणखी निगेटिव्ह काढतं. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षरं जशी फुटतात, काळं आणखी काळं होतं नि फिकट रेघा नाहीशा होतात, तसंच इथेही होतं. प्रत्येक पिढीत चेहऱ्यावरच्या मधल्या छटा गळतात आणि आधीच्या पिढीचे ओरखडे चित्रातच छापून पुढे येतात. एखादा चित्रपट पाचव्या पिढीच्या प्रिंटवरून फोर के स्कॅन केला, तर फोर केमध्ये दिसतात ते पाचव्या पिढीचेच ओरखडे. आणि मूळ निगेटिव्हवरून काळजीपूर्वक काढलेली साधी डीव्हीडीही अशा फोर के प्रतीपेक्षा डोळ्यांना किती तरी जास्त देते.

मूकपटांच्या काळात यात आणखी एक गुंता होता. चांगल्या दर्जाच्या डुप्लिकेट निगेटिव्हसाठी योग्य फिल्म तेव्हा नव्हती, त्यामुळे मोठे निर्माते दोन-तीन कॅमेरे शेजारी शेजारी लावत किंवा वेगवेगळे टेक वापरून दोन-तीन निगेटिव्ह तयार करत. एक देशातल्या प्रिंटसाठी, बाकीच्या परदेशी पाठवायला. त्यामुळे दोन देशांतल्या प्रतींत तोच प्रसंग थोड्या वेगळ्या कोनातून, नटाच्या थोड्या वेगळ्या हालचालीसह सापडतो. दोन डिस्क शेजारी लावून बघताना असा फरक दिसला तर तो दोष समजू नये. दोन्ही खऱ्याच असतात.

मग मूळ निगेटिव्ह गेल्या कुठे? 1950 च्या सुमारापर्यंत चित्रपटाची फिल्म नायट्रोसेल्युलोजची असे. ती सहज पेट घेते, आणि एकदा पेटली की विझवणं जवळजवळ अशक्य, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या रसायनातच असतो. ती पाण्याखालीसुद्धा जळत राहते. जळली नाही तरी उष्ण, दमट हवेत चिकट होते, मग तिची भुकटी होते. मुंबईची हवा तिला अजिबात मानवणारी नाही. शिवाय कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असते. चित्रपटाचा धंदा संपला की रिळं भंगारात देऊन चांदी काढून घ्यायची, ही आपल्याकडची नेहमीची पद्धत होती. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातसह अनेक कंपन्यांची जुनी रिळं त्यात गेली. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले. त्यातले उरलेत तीसच्या आसपास, तेही बरेचसे अपुरे. 14 मार्च 1931 ला गिरगावातल्याच मॅजेस्टिक सिनेमात लागलेल्या 'आलम आरा'ची तर एकही प्रत सापडत नाही. तिच्याबाबतीत रिस्टोरेशनचा विषयच निघत नाही.

प्रतींमधला फरक म्हणजे काय, हे एकाच उदाहरणाने समजून घ्यायचं तर जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांगच्या 'मेट्रोपोलिस' या मूकपटाला पर्याय नाही. 10 जानेवारी 1927 ला बर्लिनमध्ये त्याचा पहिला खेळ झाला. तेव्हा त्याची लांबी 4189 मीटर होती, म्हणजे सेकंदाला 24 चौकटी (फ्रेम) धरल्या तर अडीच तासांहून थोडी जास्त. अमेरिकेतल्या वितरकाने तो कापला, पात्रांची नावं बदलली, कथेतला एक मोठा धागाच काढून टाकला. पुढे जर्मनीतही आखूड प्रत फिरू लागली. साधारण चौथा भाग नाहीसा झाला. नंतरच्या कित्येक पिढ्यांनी हा तुटका चित्रपटच 'मेट्रोपोलिस' म्हणून बघितला आणि गोष्ट विस्कळीत आहे अशी तक्रारही केली.

1984 मध्ये जॉर्जिओ मोरोडर या संगीतकाराने त्याला रॉक संगीत आणि रंग देऊन सुमारे 80 मिनिटांची आवृत्ती आणली. 2001 मध्ये जर्मनीतल्या मुर्नाव प्रतिष्ठानाने जगभरच्या संग्रहांतले उत्तमोत्तम तुकडे जमवून दोन तासांची प्रत सिद्ध केली. जिथे दृश्य नव्हतं तिथे काय घडतं ते लिहिलेल्या पाट्या टाकल्या. ती माहिती त्यांना जुन्या जर्मन सेन्सॉरच्या नोंदींतून आणि गॉटफ्रीड हुपर्ट्झच्या मूळ संगीताच्या कागदांतून मिळाली. त्या कागदांवर कोणत्या दृश्याला कोणता सूर हे जागोजागी लिहिलेलं होतं. आणि मग 2008 मध्ये ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात जवळजवळ पूर्ण चित्रपट सापडला. पण तो 16 मिलिमीटरच्या फिल्मवर. कुणीतरी पूर्वी झिजलेली 35 मिलिमीटरची प्रिंट न धुता, न पुसता छोट्या फिल्मवर उतरवून ठेवली होती. तिचे सगळे ओरखडे चित्रात कायमचे छापले गेले होते, आणि उतरवताना चौकटीची एक कडही कापली गेली होती.

2010 ची प्रत या दोहोंतून झाली. ती बघताना एका क्षणी चित्र आरशासारखं लख्ख असतं आणि दुसऱ्या क्षणी पावसाच्या धारांसारख्या रेषांनी भरून जातं, भोवती काळी पट्टी येते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं डिस्क खराब आहे. प्रत्यक्षात ही त्या प्रतीची सर्वांत मोठी सचोटी आहे. रिस्टोअर करणाऱ्यांनी हे तुकडे शक्य तेवढे साफ केले, पण ते इतर चित्रात बेमालूम मिसळून टाकण्याचा आव आणला नाही. कोणता भाग अर्जेंटिनातून परत आला हे प्रेक्षकाला दिसत राहतं. दोन प्रसंग अजूनही सापडलेले नाहीत, तिथे पाट्याच आहेत. मला विचाराल तर 'मेट्रोपोलिस' पहिल्यांदा बघणाऱ्याने 2010 चीच प्रत घ्यावी. पण 2001 ची डीव्हीडी ज्यांच्या कपाटात आहे त्यांनी ती देऊन टाकू नये. तुकडे कसे जुळवत नेले, कुठे रिकामी जागा सोडली, हे दोन्ही बघितल्याशिवाय कळत नाही.

आता वेग. जुने मूकपट टुणटुण उड्या मारल्यासारखे चालतात, ही समजूत अनेकांची आहे, आणि तिचं कारण त्या चित्रपटांत नाही. तेव्हा कॅमेरे हाताने फिरवत. सेकंदाला 16 पासून 24 पर्यंत कितीही चौकटी पडत, एकाच चित्रपटात वेग बदलेही. बोलपट आल्यावर आवाजासाठी 24 हा आकडा पक्का झाला. 18 च्या वेगाने चित्रित केलेला चित्रपट 24 ने दाखवला की माणसं धावू लागतात आणि करुण प्रसंगही विनोदी होतो. म्हणून मूकपटाच्या चांगल्या प्रतीसोबत कोणता वेग निवडला आणि का, हे लिहिलेलं असतं.

डॅनिश दिग्दर्शक कार्ल ड्रायरच्या 1928 च्या 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क'बद्दल हा वाद आजही मिटलेला नाही. सेकंदाला 20 चौकटी धरल्या तर तो साधारण 97 मिनिटं चालतो, 24 धरल्या तर 82 च्या आसपास. मास्टर्स ऑफ सिनेमा या ब्रिटिश मालिकेने 2012 मध्ये एकाच ब्लू-रेवर दोन्ही वेग दिले, आणि पुढे अमेरिकेच्या क्रायटेरियन या डिस्क काढणाऱ्या कंपनीनेही तेच केलं. जोनची भूमिका करणाऱ्या फाल्कोनेत्तीच्या डोळ्यांतून पाणी ओघळायला लागणारा वेळ दोन्हीकडे वेगळा आहे. मला 20 चा वेग पटतो. तिच्या चेहऱ्यावर विचार उमटतो आणि मावळतो तो तिथे पूर्ण दिसतो. या चित्रपटाचं तर असं, की मूळ निगेटिव्ह आगीत गेली, ड्रायरने न वापरलेल्या टेकमधून चित्रपट पुन्हा जुळवला, तीही निगेटिव्ह जळाली, आणि अखेर 1981 मध्ये ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात मूळ आवृत्तीची डॅनिश प्रिंट मिळाली. त्याआधी प्रेक्षक जे बघत होते ते दुसऱ्याच टेकचं, वर आणखी काटछाट झालेलं होतं.

वेगाची भानगड बोलपटांनाही सुटलेली नाही. पाल पद्धतीच्या (भारत-युरोपातल्या टीव्हीच्या) व्हीसीडी-डीव्हीडीवर सेकंदाला 25 चौकटी लागतात. 24 चा चित्रपट तिच्यावर चढवायचा सोपा उपाय म्हणजे सरळ 25 ने पळवणं. दोन तासांचा चित्रपट त्यामुळे जवळजवळ पाच मिनिटं आधी संपतो. चित्रात हे जाणवत नाही, पण आवाज चार टक्क्यांनी चढतो. षड्ज ते कोमल ऋषभ एवढ्या अंतराच्या दोन-तृतीयांशाहून थोडं जास्त. 'संत तुकाराम'मधला विष्णुपंत पागनिसांचा अभंग अशा डिस्कवर ऐकला तर त्यांचा आवाज होता त्याहून पातळ आणि तरुण वाटेल. ज्यांचा कान पेटीवर तयार झालाय त्यांना हे लगेच खटकतं. ब्लू-रेला 24 चा वेग मूळचाच येतो. जुन्या गाण्यांच्या चित्रपटांसाठी ब्लू-रेचा हा फायदा मला चित्राच्या स्पष्टतेइतकाच मोठा वाटतो.

रंगाबद्दल थोडक्यात. मूकपट कृष्णधवल असत, हे अर्धच खरं आहे. बऱ्याच प्रिंट रसायनात बुडवून रंगवलेल्या असत. रात्रीला निळा, दिव्याच्या उजेडाला पिवळट, आगीला लाल. त्या काळच्या फिल्मवर रात्रीचं चित्रीकरण कठीण, म्हणून रात्रीचे प्रसंगही भर उन्हात घेत आणि प्रिंट निळी करत. दिग्दर्शक मुर्नावच्या 1922 च्या 'नोस्फेराटू'ची रंग नसलेली प्रत बघितली तर सूर्यप्रकाशाने नष्ट होणारा पिशाच्च उमराव चक्क दुपारी रस्त्याने शवपेटी घेऊन जाताना दिसतो. कथेचा कणाच मोडतो. स्वस्तातल्या अनेक डिस्कवर अशीच प्रत असते. त्याहून वेगळं काम हाताने रंगवलेल्या प्रिंटचं. जॉर्ज मेलिएसच्या 1902 च्या 'अ ट्रिप टू द मून' या चंद्रप्रवासाच्या चित्रपटाची अशी एक रंगीत प्रिंट 1993 मध्ये बार्सिलोनाच्या संग्रहाकडे आली. रीळ घट्ट चिकटून दगड झालेलं. एकेक चौकट सोडवत, गहाळ चौकटी कृष्णधवल प्रतींवरून भरत आणि रंगवत ती 2011 मध्ये फ्रान्समधल्या कानच्या चित्रपट महोत्सवात दाखवली गेली.

चौकटीचा आकारही बघायला हवा. मूकपटाची चौकट साधारण चारास तीन. फिल्मच्या कडेला ध्वनीची पट्टी आली तेव्हा चित्राची रुंदी घटली आणि काही वर्षं चौकट जवळजवळ चौरस झाली. 1932 मध्ये हॉलीवूडने नवं माप ठरवलं. लांगचा 1931 चा 'एम' त्या मधल्या चौरस काळातला. जुन्या डिस्कवर त्याच्या चौकटीचा काही भाग छाटलेला असे, पुढच्या रिस्टोरेशनमध्ये तो परत आला. आपल्याकडे याहून वाईट होतं. आजच्या रुंद टीव्हीचा पडदा भरावा म्हणून जुन्या हिंदी-मराठी चित्रपटांचं डोकं आणि हनुवटी कापून ते दाखवले जातात. गाण्यात तबल्यावरची बोटं दिसायला हवीत तिथे कपाळापासून छातीपर्यंतचा नायक तेवढा उरतो. टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर प्रत योग्य आहे असं समजावं.

आता ज्या विषयावर सर्वांत जास्त गैरसमज आहे तो. माझा भाचा विलेपार्ल्याला कॉलेजात शिकतो. एका जुन्या चित्रपटाची नवी 'एचडी' प्रत बघून त्याने विचारलं, "मामा, यांचे चेहरे मेणाचे का दिसतात?" त्याने अगदी बरोबर जागी बोट ठेवलं होतं.

फिल्मवरचं चित्र चांदीच्या सूक्ष्म कणांचं बनलेलं असतं. मोठ्या पडद्यावर ते कण सतत हलत असलेले दिसतात, त्यांना ग्रेन म्हणतात. ग्रेन म्हणजे चित्रावर पडलेली धूळ नव्हे. ग्रेन म्हणजेच चित्र. केसांची बट, साडीचं विणकाम, भिंतीचा खडबडीतपणा, सगळं त्या कणांनीच रेखलेलं असतं. पण डिजिटल सफाई करणाऱ्या सॉफ्टवेअरला गाल आणि गालावरचा ग्रेन यांतला भेद नेमका कळत नाही. ग्रेन पुसला की त्यासोबत त्वचेची रंध्रं, सुरकुत्या, पापण्यांची टोकं जातात. मग चित्र मऊ पडलं म्हणून कृत्रिमरीत्या कडा धारदार करायच्या, आणि माणसांभोवती पांढरी रेघ उमटते. हात झटकन फिरवला की मागे धूसर सावली राहते. ओरखडे काढण्याचंही तसंच आहे. यंत्र एकाच चौकटीत दिसून पुढच्या चौकटीत नाहीसा होणारा ठिपका धूळ समजून पुसतं. पण पावसाचा थेंब, उडालेली ठिणगी, फेकलेलं नाणं हेही एकाच चौकटीत एका जागी असतात. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत यंत्राने पुसलेली प्रत्येक गोष्ट माणूस पुन्हा तपासतो. यात महिनोन् महिने जातात, आणि रिस्टोरेशनचा खर्च वाढतो तो इथे. थोडे ओरखडे राहिलेली पण जिवंत चेहऱ्यांची प्रत मी केव्हाही गुळगुळीत प्रतीआधी निवडेन.

कृत्रिम बुद्धिमत्तेने 'सुधारलेल्या' प्रती हा याच्या पुढचा टप्पा. मुंबईत वॉटसन हॉटेलात 7 जुलै 1896 ला सिनेमाचे फ्रेंच आद्यप्रवर्तक ल्युमिएर बंधूंच्या फिती दाखवल्या गेल्या, त्यात स्थानकात शिरणारी रेल्वेगाडी होती. त्यांच्या तशाच एका गाडीच्या फितीची फोर के आणि सेकंदाला 60 चौकटींची आवृत्ती कुणीही फोनवर बघू शकतो. तिच्यातल्या बहुतेक चौकटी कॅमेऱ्याने कधी टिपल्याच नव्हत्या. दोन खऱ्या चौकटींच्या मध्ये काय असेल याचा संगणकाने केलेला तो अंदाज आहे. गंमत म्हणून बघायला हरकत नाही, पण त्याला रिस्टोरेशन म्हणू नये. रिस्टोरेशनमध्ये जे होतं ते शोधायचं असतं, नसलेलं घालायचं नसतं.

याच निकषावर 2004 मध्ये रंगीत होऊन आलेला 'मुघल-ए-आझम' बघावा लागतो. त्या कामामागचे कष्ट आणि प्रेम निर्विवाद आहेत. खुद्द नौशाद हयात होते, गायकांचे मूळ आवाज ठेवून वाद्यमेळ नव्याने ध्वनिमुद्रित केला गेला. नव्या पिढीने तो थिएटरात जाऊन बघितला. पण ती 1960 च्या चित्रपटाची प्रत नाही. त्यातला थोडा भाग वगळून, रंग चढवून केलेली ती वेगळी आवृत्ती आहे. प्रकाश-सावलीचा विचार करून जे मोठे प्रसंग कृष्णधवल फिल्मसाठी उजळले होते, ते रंगात सपाट दिसतात. मूळ प्रत चांगल्या अवस्थेत हाताशी राहणार असेल तर रंगीत आवृत्तीबद्दल माझी तक्रार नाही. मूळ मागे पडून रंगीतच सगळीकडे दिसू लागली, तर नुकसान मोठं आहे.

भारतीय चित्रपटांत उलट दिशेचं, आदर्श म्हणावं असं काम म्हणजे सत्यजित राय यांची अपू चित्रत्रयी. 1993 मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेत लागलेल्या आगीत तिच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. कडक झालेल्या, काठाची छिद्रं वितळलेल्या त्या फिती कुणी टाकून दिल्या असत्या तर नवल नव्हतं. अमेरिकेच्या ऑस्कर अकादमीच्या संग्रहाने त्या जपून ठेवल्या. वीसेक वर्षांनी इटलीत बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्या रसायनाने पुन्हा लवचीक केल्या, छिद्रं हाताने दुरुस्त केली आणि फोर के स्कॅन झालं. 'पथेर पांचाली'चा सुमारे 40 टक्के भाग त्या जळक्या निगेटिव्हमधून आला, उरलेला इतरत्र जपलेल्या चांगल्या दर्जाच्या प्रतींमधून. 2015 मध्ये ही आवृत्ती आली. जुन्या डीव्हीडीशेजारी ती लावली तर काशफुलांच्या रानात दुर्गा आणि अपू धावतात तिथे पूर्वी नुसता पांढरट पट्टा दिसायचा, आता एकेक तुरा वेगळा दिसतो.

उदय शंकर यांच्या 1948 च्या 'कल्पना'वरही बोलोन्यातच काम झालं आणि तो 2012 मध्ये कानला दाखवला गेला. हिमांशू राय आणि फ्रान्झ ऑस्टेन यांचा 1928 चा 'शिराज' ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने 2017 मध्ये अनुष्का शंकर यांच्या संगीतासह आणला. त्याची डिस्क जरूर घ्यावी. भारतात चित्रित झालेला मूकपट इतक्या सुस्थितीत क्वचितच बघायला मिळतो. आपल्या मुंबईत 2014 पासून फिल्म हेरिटेज फाउंडेशन हे काम करत आहे. 'थम्प', 'इशानौ', 'मंथन' त्यांनीच मार्गी लावले. पण प्रभातचे चित्रपट? 'अयोध्येचा राजा' 1932 चा, 'संत तुकाराम' 1936 चा, व्हेनिसला नावाजला गेलेला. घरोघरी ते पोचले ते बहुतांशी धूसर व्हीसीडीवरून किंवा तिच्यावरून चढवलेल्या व्हिडिओवरून. व्हीसीडीच्या चित्रात आडव्या 352 आणि उभ्या 288 ठिपक्यांपलीकडे काही मावत नाही. शिवाय कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं असतो, म्हणून इतके जुने चित्रपट कुणीही छापू शकतं. त्यामुळे प्रती मुबलक, पण चांगल्या मूळ फिल्मपर्यंत जाण्याचे कष्ट आणि खर्च त्यातल्या फारच थोड्यांनी घेतले. 'संत तुकाराम'चे दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांच्या कॅमेऱ्याने टिपलेली देहू आपण अजून नीट बघितलेली नाही असं मला मनापासून वाटतं.

घरी दोन प्रतींची तुलना करायची असेल तर दोन्हींत नेमकी तीच चौकट थांबवा. चारही कोपऱ्यांत काय दिसतं ते आधी बघा, म्हणजे छाटाछाटी कळते. मग केस, कापड, विटांची भिंत. काळ्या कोटाच्या घड्या दिसतात की नुसता काळा डाग? आकाशात ढग आहेत की कोरं पांढरं? पण एवढ्यावर निकाल देऊ नका. थांबलेल्या चित्रात प्रकाशाची फडफड, चौकटीची थरथर आणि वेग कळत नाही, आणि जास्त उजळ प्रत थांबवल्यावर नेहमी जास्त चांगली वाटते. पाचेक मिनिटं सलग बघा. मूकपटाच्या पाट्या मूळ भाषेतल्या आहेत की नंतर संगणकावर टाइप केलेल्या, हेही बघा. एकूण मिनिटं मोजा. आणि डिस्कसोबतची पुस्तिका वाचा. ज्यांनी मन लावून काम केलंय ते कोणत्या संग्रहातली कोणती फिल्म वापरली हे हमखास लिहितात. जिथे याबद्दल चकार शब्द नसतो, तिथे मी पैसे घालत नाही.

कधीकधी दोन आवृत्त्यांपैकी एक निवडायची वेळच येऊ नये. चॅप्लिनने 1925 चा 'द गोल्ड रश' 1942 मध्ये स्वतःच कापला, पाट्या काढून स्वतःच्या आवाजात निवेदन घातलं, शेवटचं चुंबनही वगळलं. दोन्ही त्याचेच. क्रायटेरियनच्या डिस्कवर दोन्ही आहेत, आणि आधी 1925 चा बघावा.

खरेदीबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस 2016 मध्ये बंद झाल्यापासून मुंबईत दुकानात उभं राहून अशी डिस्क हातात घेऊन बघणं जवळपास संपलं. चोरबाजारात नशिबाने काही मिळतं, नाहीतर परदेशातून मागवायची. तेव्हा रिजन तपासा, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरसाठी बांधलेली आहे ते. डीव्हीडीसाठी भारत रिजन 5 मध्ये येतो, ब्लू-रेसाठी सी मध्ये. अमेरिकेच्या ब्लू-रे ए रिजनच्या, ब्रिटनच्या बी. साध्या प्लेअरवर त्या बहुधा चालत नाहीत, सगळे रिजन वाचणारा प्लेअर लागतो. फोर के यूएचडी डिस्कना रिजनचं बंधन नसतं, पण त्याच डब्यातली ब्लू-रे मात्र अडू शकते, आणि जास्तीची माहिती, जुनी आवृत्ती, दुसरा वेग हे बऱ्याचदा तिच्यावरच असतं.